न मागितलेले पन्नास हजार

चंदीगड, ९ ऑक्टोबर २०२५

चि. गुरुनाथ,

मंगळवारी, सात तारखेला, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी तू मला न विचारता माझ्या खात्यावर पन्नास हजार रुपये टाकलेस आणि वर लिहिलेस, "ताई, आता फराळाचा धंदा बंद कर." आशीर्वाद शेवटी देईन, जमला तर.

मी बुडालेले नाही. गणपतीत इथल्या मराठी कुटुंबांनी चिवडा-लाडू उधार नेले आणि दिवाळीचे बेसन-तूप मला रोखीने घ्यावे लागते, एवढेच. पंजाबी गिऱ्हाइकांकडून मी निम्मे पैसे आगाऊ घेते. आपल्या माणसांकडे मागायला जीभ रेटत नव्हती. पस्तीस वर्षे कचेरीत इतरांची बिले तपासली आणि निवृत्तीनंतर स्वतःचे बिल द्यायला लाजले. "काकू, घरचंच आहे ना," म्हणतात. घरचं आहे तर कढया घासायला या, म्हटलं.

दोघे तर बदली होऊन पुण्याला पोचलेसुद्धा. म्हणून सगळ्यांना इंग्रजीत पत्रे धाडली. आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या मदरने शिकवलेले इंग्रजी अजून माणसाला घाम फोडते. तिघांनी दुसऱ्याच दिवशी पैसे भरले.

झोप थोडी कमी आहे, पण रक्तदाबाची गोळी चुकवत नाही. तुझ्या स्मिताचा गुडघा कसा आहे?

तुझे पैसे आज परत पाठवले. मला विचारल्याशिवाय पुन्हा पाठवणार नाहीस, हे सहीनिशी लिहून अठरा तारखेच्या आत कळव. फोन चालणार नाही. फोनवर तू रडतोस आणि मी विरघळते.

आशीर्वाद आहेतच.

तुझी,
शशिकलाताई