किक मारताना माझ्याकडे बघू नकोस

छोटे,

मी पुढे जातेय, तुला मुद्दाम उठवलं नाही. अंडी उकडून ठेवली आहेत, ती खाऊनच नीघ. तुझ्या बुटाची तुटकी नाडी बदलली आहे.

काल सरांनी रग्बीच्या आजच्या फायनलला किक मारायला माझ्याऐवजी तुझं नाव घेतलं, तेव्हा घरी येताना तू विचारलंस, "ताई, राग आला का गं?" मी म्हणाले, "छे, मला कशाला?" राग नव्हताच, नुसता जळफळाट होता. गेल्या मॅचला अगदी खांबांसमोरची किक चुकली, तेव्हापासून बॉल ठेवला की मी घाईघाईत मारून मोकळी होते. आणि तू काल जेवून डाराडूर झोपलीस. तुझ्या किकपेक्षा मला त्या झोपेचाच जास्त हेवा वाटला.

"डोकं शांत ठेव," असं सगळे सांगतात, पण ठेवायचं कसं ते कोणी सांगत नाही. मला उशिरा कळलं ते तुला सांगते. बॉल ठेवलास की गर्दीकडे बघू नकोस. बॉलच्या शिवणीकडे बघ, श्वास पूर्ण सोड आणि मगच धाव. कोणी कितीही ओरडलं तरी घाई करू नकोस.

मी बाकावरच असेन, पण किक मारताना माझ्याकडेही बघू नकोस. चुकलीस तर मला क्षणभर बरं वाटेल, आणि ते माझ्या तोंडावर तुला दिसायला नको. बॉल आत गेला की खुशाल बघ. तोवर मी तोंड सरळ करून ठेवते.

ताई