एकच छेद, तोही बेंबीत

सोम. ३ फेब्रु.
उद्या पित्ताशय काढणार. डॉ. स. म्हणाले, रोबोटनं, एकच छेद, तोही बेंबीत. व्रण शोधून सापडणार नाही. मग रुग्णालयाची जाहिरातवाली मुलगी कॅमेरा घेऊन आली. "सर, दोन शब्द." चाळीस वर्षं व्यासपीठावर काढली, दोन शब्दांवर कधी थांबलोय? रोबोटवर, त्या एका छेदावर सात मिनिटं बोललो. सौ. कोपऱ्यातून : "अहो, व्हायचंय अजून ऑपरेशन."

बुध. ५
पोटावर चार पट्ट्या. दोनदा मोजल्या. डॉ. स. म्हणतात, फार सूज, सगळं चिकटलेलं; रोबोट बाजूला केला, नेहमीच्या दुर्बिणीनं काढलं. तशी मुभा मीच सही करून दिलेली. जगभरची पुस्तकं वाचतो, तेवढा कागद वाचला नाही. जीव वाचवला, मान्य. राग नाही.

शनि. १५
आता आहे. व्हिडिओ अजून फिरतोय. खाली ठळक : ‘रुग्णाचा अनुभव’. काढा म्हणून फोन केला. डॉ. स. गोड आवाजात : "आपण रोबोटबद्दल बोललात, स्वतःच्या पोटाबद्दल नाही. खोटं काय त्यात?"
माझा शब्द असा वापरणाऱ्याला आजवर सोडलेलं नाही.

मंगळ. १८
बिबवेवाडीहून धाकट्या बहिणीचा, नलूचा फोन. तिलाही पित्ताशयात खडे. "दादा, तुझं ऐकलं आणि दुसरं कुणाला विचारलंच नाही. सोमवारची तारीख घेतली." खरं काय ते सांगितलं. हसली. "चार? काहीतरीच. तू स्वतःच तर बोलतोयस त्यात." माझ्यापेक्षा माझा व्हिडिओ तिला खरा.

गुरु. २०
रविवारी कोथरूडला डॉ. स. यांचं जाहीर व्याख्यान. नंतर ‘रुग्ण’ म्हणून मी. होकार दिला. इतका नम्र आवाज आयुष्यात काढला नव्हता.
भाषणाचे तीन मसुदे, तिन्ही जळजळीत. फाडले. शब्दांनीच घोळ केलाय.

रवि. २३
सौ.ला म्हटलं, झब्बा नको, पुढे बटणं असलेला शर्ट काढ. बघत राहिली. मग : "आत बनियन घालू नका. अडकाल." चौथं बटण सैल होतं. एरवी लगेच शिवते.

सभागृह. पडद्यावर माझाच चेहरा. नलू पहिल्या रांगेत टाळ्या वाजवतेय. याच माणसानं जीव वाचवला, हेही सांगावं लागेल. बटणं काढण्याआधी की नंतर, ते अजून
नाव पुकारलं.