चटणीचा नवस

आबा, तुमच्या चटणीबद्दल लिहायचं आहे. तुम्ही जाऊन एवढी वर्षं झाली तरी घरात ती गोष्ट अजून निघते. आक्काच्या नव्या सुनेलाही ठाऊक आहे, की आक्काचं लग्न जमावं म्हणून तुम्ही यमाई देवीसाठी चटणी सोडली आणि मरेपर्यंत तोंडाला लावली नाही.

आक्काचं जमण्याआधीच्या त्या हिवाळ्यात तुम्ही माधवनगरच्या मिलमधून सुट्टीला औंधाकडच्या आपल्या गावी यायचात. मी बारावीला होतो. आई चुलीपुढे, आपण दोघं पाटावर. ताटात उजवीकडे कालवण आणि डाव्या अंगाला शेंगदाण्याची चटणी, तिच्यावर तेलाची धार. चटणीशिवाय तुमचा घास उतरत नसे. पण आता ती तशीच राहू लागली. शेजारचं मीठ तसंच, कधी भाकरीचा डावीकडचा तुकडाही तसाच. मी विचारायला तोंड उघडलं तर आईनं डोळ्यांनी दटावलं. नंतर मोरीपाशी मला म्हणाली, "आक्कासाठी नवस बोलल्यात. नवसाचं विचारू न्हाई, फळ जातं." मी विचारलं नाही. उलट तुमच्याकडे बघून मला भरून यायचं.

तुमचे मिलमधले एक सोबती एकदा घरी आले होते. चहा पिता पिता हसून सांगत होते, की मागावर डाव्या काठाचे धागे तुटून कापडाची जाळी होते आणि तुम्ही आपले विणतच राहता. "मी म्हनलं, गड्या, लेकीचा रुखवत मागावरच मांडलायस व्हय?" तुम्हीही हसलात. त्यांना पोचवायला जाताना तुम्हाला तुमची डावी चप्पल सापडेना. ती दारातच होती. आईनं ती उचलून पायाशी ठेवली आणि म्हणाली, लेक जायची म्हणून जीव थाऱ्यावर नाही.

मग आक्काचं जमलं. आई डोंगर चढून देवीची ओटी भरून आली आणि तुमचं ताट वाढून समोर बसली. "आवं, पावली देवी. आता तरी घ्या की चटणी."

तुम्ही ताटाकडे बघितलं. "वाढ की मग."

चटणी ताटात होती. आईला वाटलं, नवस मोडायचा नाही म्हणून तुम्ही थट्टेवारी नेताय. "लय कडक बाई ह्यांचं! जल्माचीच सोडली जनू," ती म्हणाली आणि आम्ही सगळे हसलो. तुम्ही एकेकाकडे बघत होता. मग तुम्हीही हसलात. ते हसू मला आता आठवतं, तेव्हा ते आमचं बघून हसलेलं वाटतं.

लग्नानंतर तुम्ही मागापाशीच कोसळलात. मिरजेला डोक्याचा फोटो काढला. उजव्या अंगाला गाठ, वाढलेली. डॉक्टरांनी आईला विचारलं, आधी काही बदल जाणवला होता का? वागण्यात, खाण्यात? आई म्हणाली, "न्हाई वो. चांगलं हुतं की." ती खोटं बोलत नव्हती. मी शेजारी उभा होतो, मलाही काही आठवलं नाही.

आता माझी लेक त्याच मिरजेत एका दवाखान्यात कामाला आहे. मेंदूत गाठ असलेल्या माणसांची आठवण, बोलणं, लक्ष यांत काय फरक पडतो ते तपासतात, त्या कामावर. मागे घरी आली तेव्हा जेवताना सांगत होती. एका कागदावर बारीक रेघा विखुरलेल्या असतात. प्रत्येक रेघेवर काट मारायची. "एक काका उजवीकडच्या सगळ्यांवर काट मारतात आणि पेन ठेवून म्हणतात, झालं. अर्धा कागद तसाच, बाबा. डोळा चांगला असतो. मेंदूच डावीकडे बघायचं सोडून देतो. आणि माणसाला वाटतं, तिकडं काही नव्हतंच. ताटातलंसुद्धा अर्धंच जेवतात काही जण."

माझा घास हातातच राहिला. आई पलीकडे जप करत होती. तिला आता कमी ऐकू येतं, देवाची कृपा. मी लेकीला विचारलं, ही गाठ बापाकडून लेकाकडे येते का? म्हणाली, बहुतेक वेळा नाही. मग माझ्याकडे बघून, "का हो?" मी म्हटलं, सहज.

आबा, मी रोज संध्याकाळी देवापुढे बसतो. तुमच्या नवसाला मी मनातल्या मनात हात जोडत आलोय. तो नवस नसेल, तर मी इतकी वर्षं कशाला नमस्कार करत होतो? हे आईला सांगायचं नाही, एवढं त्या दिवशी ठरवलं. गोष्ट तिथंच मिटायची.

पण गेल्या महिन्यात स्कूटर फाटकाला घासली. डावा आरसा गेला. आपली गल्ली अरुंदच आहे. नंतर एकदा शर्टाची डावी बाही वर सरकवायची राहिली. माणूस पन्नाशीला आला की विसरतो.

आज दुपारी जेवून उठत होतो. बायको म्हणाली, "आवं, चटणी तशीच ठेवलीया. कालबी तशीच हुती."

मी मान वळवली. पूर्ण वळवावी लागली. ताटाच्या कडेला चटणी होती, वर तेलाची धार.

"मामंजींसारखं काय धरलंय का?" तिनं हसत विचारलं. आणि आईला, जिला हाक मारलेली ऐकू येत नाही, तिला नेमकं तेवढं ऐकू आलं. कोपऱ्यातून म्हणाली, "विचारू नगंस गं. नातीचं जमायचं आसंल." तिचा चेहरा त्या हिवाळ्यासारखा उजळला होता. बायकोनं लगेच ताट उचललं, जपून, प्रसादाचं उचलावं तसं.

लेक रविवारी येणार आहे. तिच्यासमोर ताटावर बसावं, की त्या दिवशी परगावी काम काढावं, हे अजून ठरत नाही. हा कागद कुठं पाठवायचा नाही. देवघरात समईखाली ठेवीन. घरात कुणी विचारणार नाही, आईनं तोंडं मिटवली आहेत. आई तसं म्हणाली तेव्हा मी फक्त मान डोलावली, आबा. मी कसलाही नवस बोललेलो नाही.