उंबरठ्याखालच्या चकत्या

तीर्थरूप रुखमामावशीस, चंद्रपुराहून धनराजचा दंडवत. तुझा गुडघा, काकाजींचा खोकला आणि पांढऱ्या बैलाचा खूर (तिघांची चौकशी एका दमात केली, रागावू नकोस) आता बरे असतील. मी धड आहे, अब्रू मात्र जरा तडकली आहे.

माझं संशोधन तुला ठाऊकच आहे. चिनीमातीसारखी भाजलेली चकती, तिच्यावर भार पडला की थोडी वीज तयार होते. अशा चकत्यांत शिसं असतं. ते विषारी, म्हणून आम्ही काढलं, तर बिनशिशाची चकती पापडासारखी फुटू लागली. तिला चिवट करण्यात माझी सगळी उमेद चालली आहे. यंदा एक घाणा जमला आणि तो खऱ्या पायांखाली किती टिकतो हे बघायला उन्हाळ्यात तुझ्या उंबरठ्याच्या लाकडाखाली चकत्या बसवल्या. (वर त्यांच्याच विजेवर लागणारा दिवाही बसवला, पहाटे गोठ्याकडे निघताना तुला पायरी दिसावी म्हणून. खरं कारण तेच.) पावसाळाभर मी फोनवर विचारायचो, फुटल्या का? "नाई फुटल्या, बापू," तू म्हणायचीस. दिवा लागतो का, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

दिवाळीला उकरून पाहिल्या, तर साधा ओरखडा नाही! मी तिथूनच माझ्या मार्गदर्शक मॅडमना कळवलं, त्यांनी लगेच प्रबंधाचे परीक्षक बोलावले. तेवढ्यात तुझी सून दिव्यानी पाय उचलून उंबरठा ओलांडून गेली. मागून काकाजी, तेही तसेच. मागून मी, मीही तसाच! तुला विचारलं तर म्हणालीस, "उंबरठ्यावर पाय देते का कोनी? मी तं रोज हळदकुंकू लावून राह्यली त्याले."

म्हणजे माझ्या चकत्यांनी पावसाळाभर फक्त पूजा सोसली. मॅडमना खरं सांगितलं. त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, परीक्षक येण्याआधी खऱ्या भाराची चाचणी दाखव, नाहीतर यंदाची पदवी विसर. मावशी, मला रडूच आलं.

थोरांना नमस्कार, घरच्या पोरासोरांना गोड पापा.

तुझा,
धनराज

ता. क. मुख्य काम राहिलंच. नव्या चकत्या काल बसने पाठवल्या आहेत, सोबतच्या चिठ्ठीत लिहिलंच आहे, तरी पुन्हा सांगतो. गोठ्याच्या दारात पुरा आणि बैल रोज वरून न्या. फुटल्या तर फुटल्या म्हणून सांग, माझी कीव करू नकोस.

आणखी एक. पाकीट चिकटवतानाच दिव्यानीचा फोन आला. चकत्या पुरल्या म्हणे, पण तू वर रांगोळी काढलीस, आणि ती मोडू नये म्हणून काकाजींनी गोठ्याची मागची कुडाची भिंत तोडून बैल तिकडून बाहेर काढले. मावशी, पाया पडतो, रांगोळी पूस.