चौदा नंबरची खाट

गोरखपूर, जबलपूर
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

ती. राजश्रीआत्यास,
वेदांगचा सप्रेम सलाम. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. कानाचं नवं यंत्र तू पुन्हा डब्यात ठेवून दिलंस हे वाचून हसू आलं. ठेव बापडं. फोनवर तुझ्याशी ओरडण्यापेक्षा लिहिणं मला परवडतं. रविवारी दुपारी चर्चमागच्या या खोलीत दुसरं काही करायला अंगात त्राणही नसतं.

तू विचारलंस की मिशनरी म्हणून तू दिवसभर नेमकं करतोस तरी काय. तर हा आठवडा ऐक. सोमवारी वस्तीतल्या मुलांची शिकवणी. हिंदीत भागाकार शिकवता शिकवता मी मध्येच मराठीत शिरतो, मुलं हसतात आणि त्या हसण्यातच तास संपतो. मंगळवारी पाटणला बायकांचा लिहा-वाचायचा वर्ग. नावं पंचवीस, आल्या तिघी, बाकीच्या शेतात. बुधवारी तिलवाऱ्यापलीकडच्या गावाहून परतताना नर्मदेवर पौर्णिमेच्या स्नानाची गर्दी. बस दोन तास पुलाच्या अलीकडे, आणि मी उभा. पायाचे तुकडे पडले. गुरुवारी हयातीचे दाखले. नोव्हेंबर आला की इथल्या पेन्शनरांना आपण जिवंत आहोत हे कळवावं लागतं, आणि आपल्या मंडळीत फॅक्टरीतून नि रेल्वेतून निवृत्त झालेलेच जास्त. त्यांना माझ्या मोबाइलसमोर बसवायचं आणि डोळे मिचकवा म्हणायचं. शरयूआजी फोटो निघून गेला की मिचकवतात. सातव्या खेपेला सरकारला एकदाची खात्री पटली. शिवाय घरोघरी चहा. नको म्हटलं तर भैया, आमच्या घरचा चालत नाही का, असं विचारतात. पोटात सारखी जळजळ असते.

शुक्रवारी मात्र मी कमालच केली. गुणवंत उबाळे म्हणून आपल्या मंडळीतले एक काका आहेत. पाय अधू झाल्यामुळे चर्चला येत नाहीत, मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ते दवाखान्यात होते. त्यांच्या बायकोचा, विनीताकाकूंचा निरोप आला होता की चौदा नंबरच्या खाटेवर आहेत, येऊन प्रार्थना कर आणि जमलं तर त्यांचाही दाखला करून टाक. चार वाजता गेलो. चौदा नंबरवर गळ्यापर्यंत चादर ओढून एक वयस्कर गृहस्थ पडलेले. मी उशाशी उभा राहिलो, डोळे मिटले आणि सुरू केलं. आपला सेवक गुणवंत, असं निदान दहादा म्हटलं असेल. माझा आवाज तुला माहीत आहे, तुझ्याशी बोलून बोलून तो वाढलाच आहे. आमेन म्हणून डोळे उघडले तर गृहस्थ हात जोडून माझ्याकडे टक लावून पाहत होते. म्हणाले, मी भय्यासाहेब मोघे, तुमचा गुणवंत कोण ते मला ठाऊक नाही, मला सकाळीच या खाटेवर आणलं. प्रार्थना करणाऱ्याला मध्ये तोडू नये म्हणून गप्प राहून राहिलो होतो. छान झाली, आता तीच एकदा माझ्या नावाने कर.

केली. काय करणार? मग ते मराठी बोलायला मिळालं म्हणून सुटलेच. इथली त्यांची चौथी पिढी, पण नातवंडांना मराठी नुसतं समजतं, बोलत नाहीत. शेवटी म्हणाले, मुलगा पुण्याला आहे, दाढीची खुंटं टोचून राहिली, एवढी करून दे. मी ती केली. सिस्टरला उबाळ्यांची खाट विचारायची असं मनात होतं, तेवढ्यात भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली आणि रखवालदाराने सगळ्यांना बाहेर काढलं.

रात्री पाळकसाहेबांना द्यायचा आठवड्याचा तक्ता भरताना दवाखान्याच्या रकान्यात उबाळ्यांच्या नावापुढे मी बरोबरची खूण केली. मोघ्यांसाठी तक्त्यात रकानाच नाही. शनिवारी अंग इतकं मोडून आलं होतं की उठवलं नाही, आज उपासना होती. उद्या जातोच.

आत्या, खरं सांगू का? प्रार्थना करताना हल्ली तोंड चालू असतं आणि मनाने मी स्टँडवर बस शोधत असतो. इथल्या सेवेच्या दुसऱ्या वर्षाच्या फॉर्मवर तीस तारखेपर्यंत सही द्यायची आहे. तू नागपूरभर सांगून ठेवलं आहेस की आमचा वेदांग राहणार. फॉर्म उशाखाली कोराच पडला आहे. पत्राचं उत्तर लवकर दे, आणि रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझा,
वेदांग


नागपूर
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

चि. वेदांग यास,
आत्याचा सलाम आणि अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र काल आलं. मोघ्यांच्या दाढीपर्यंत मी एकटीच हसत बसले होते. शेजारची प्रणाली धावत आली, तिला वाटलं आत्याबाईंना काहीतरी झालं. डोळे मिटून दुसऱ्याच्या उशाशी उभं राहणं हे तुझ्या बापावर गेलं आहे. तोही एकदा भलत्याच लग्नात आहेर देऊन, जेवून आला होता.

तक्त्याशी आले आणि हसू गेलं. एकतीस वर्षं मी वॉर्डात काढली. औषध पोटात गेल्याशिवाय कागदावर दिलं म्हणून लिहायचं नाही, हे मेट्रनबाईंनी आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं. तू दमला आहेस हे मला दिसतं. दमलेल्या माणसाने झोपावं, जेवावं, हवं तर रडावं. न केलेल्या कामापुढे खूण करू नये. याला पाट्या टाकणं म्हणतात, आणि ते माझ्या घरात कुणी केलेलं नाही.

हे पत्र हातात पडेल तेव्हा हातातलं टाकून आधी त्या उबाळ्यांकडे जा. त्यांना काय झालं ते विचार, पाय चेपून दे, दाखला काढ. प्रार्थना छोटी केलीस तरी चालेल. आणि डॉक्टरला पोट दाखव. चहाला नाही म्हणायला शिक, कुणी जातीबाहेर टाकत नाही.

फॉर्मचं मागून बोलू. मी नागपूरभर सांगितलं हे खरं, माझी जीभ लांब आहे. ते तू मनाला लावून घेऊ नकोस. माझं प्रेम तुझ्या सहीवर टांगलेलं नाही, एवढं ध्यानात असू दे.

तुझी,
राजश्रीआत्या


जबलपूर
बुधवार, १९ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,
सप्रेम सलाम. वि. वि.

तुझं पत्र मला सोमवारी मिळालं. गुणवंतकाका त्याच्या आदल्याच सोमवारी, दहा तारखेला पहाटे गेले. तुला पत्र टाकून मी दवाखान्यात पोचलो तेव्हा सोळा नंबरची खाट पुसून घेत होते. ते तिथे होते, आत्या. शुक्रवारी सकाळी ऑक्सिजनसाठी त्यांना चौदावरून सोळावर हलवलं होतं. मोघ्यांपासून दोन खाटा पलीकडे. मी जवळजवळ दोन तास तिथे होतो आणि एकदा मान वळवून पाहिलं नाही.

मंगळवारी दफनविधी झाला. पेटीला खांदा मीही दिला. विनीताकाकूंनी माझा हात हातात घेतला. खरा धक्का बसला तो रविवारी. उपासनेत ज्याने त्याने आपली साक्ष सांगायची वेळ आली तेव्हा त्या उठल्या आणि साऱ्या मंडळीसमोर म्हणाल्या की वेदांगभैयाने दवाखान्यात येऊन माझ्या मालकांच्या नावाने प्रार्थना केली, देव त्याचं भलं करो. सगळे आमेन म्हणाले. पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून माझं नाव घेऊन सांगितलं की तरुणांनी अशी सेवा करावी. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. बाहेर येऊन लोकांनी हात मिळवले आणि मी सगळ्यांशी मिळवले.

सांगू कुणाला आणि काय? त्या बाईला एवढाच आधार उरला आहे की शेवटी कुणीतरी येऊन गेलं. तो मी कोणत्या तोंडाने काढून घेऊ? आणि नाही सांगितलं तर ती रविवारी रविवारी माझ्याकडे तशा नजरेने पाहणार. शिकवणीत परवा मुलांना मी तेरा वेळा तेच गणित दिलं. पाटणला गेलोच नाही.

मला यायचं आहे, आत्या. शनिवार, २९ तारखेचं तिकीट काढलं आहे. फॉर्मवर सही करणार नाही. तुझ्या शब्दाला बट्टा लावतो आहे हे कळतं, पण आता माझ्याच्याने होत नाही. लोभ कमी झाला तर समजू शकेन. होऊ मात्र देऊ नकोस.

तुझा,
वेदांग


नागपूर
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

चि. वेदांग यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

ये. तुझी खोली झाडून ठेवली आहे, गादी उन्हात घातली आहे. नागपुरात कुणी काही विचारलं तर माझे कान गेले आहेत, मला ऐकू येत नाही. आईबापामागे तुला वाढवलं ते कुणाला दाखवायला नाही.

पण असा येऊ नकोस. त्या बाईला सांगून ये. तू म्हणतोस तिचा आधार काढून कसा घेऊ. मला वाटतं तू स्वतःला वाचवतो आहेस आणि नाव तिचं घेतो आहेस. हे कठोर लिहिलं, लिहिताना मलाच रडू आलं, पण खोडत नाही.

तुला कधी सांगितलं नाही. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका रात्रपाळीत मी एका बाळंतिणीचा ताप न बघता तक्त्यावर लिहिला, अठ्ठ्याण्णव. तिला काही झालं नाही. बाळ घेऊन हसत घरी गेली. अजूनही अठ्ठ्याण्णव हा आकडा कुठे दिसला की मी नजर दुसरीकडे वळवते, कारण मी तो कुणालाच सांगितला नाही. आज तुला सांगितला. तुला इतकी वर्षं ओझं वाहायला लागू नये, एवढंच.

ती रागावली तर ऐकून घे. मग गाडीत बस. वाटेत खायला काही घे, रिकाम्या पोटी येऊ नकोस. माझा जीव तुझ्या वाटेकडे लागला आहे.

तुझी,
राजश्रीआत्या


जबलपूर
शुक्रवार, २८ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,
सप्रेम सलाम. वि. वि.

तुझं पत्र काल दुपारी आलं आणि संध्याकाळी मी विनीताकाकूंकडे गेलो. बसायच्या आधीच सांगायचं ठरवलं होतं, नाहीतर चहा येतो आणि धीर जातो. दारातच उभ्याने सगळं सांगितलं. चुकीची खाट, मोघ्यांची दाढी, तक्त्यातली खूण, रविवारी गप्प बसलो ते. त्या लसूण सोलत होत्या. सोलतच राहिल्या. मग म्हणाल्या, मला ठाऊक आहे.

त्या शुक्रवारी काकू औषधं आणायला खाली गेल्या होत्या, रांगेत दोन तास गेले. वर आल्या तेव्हा मी नुकताच गेलो होतो, आणि काकांनी त्यांना सांगितलं. पोरगा आला होता, दुसऱ्याच्याच खाटेजवळ उभा राहून माझ्या नावाने मोठ्याने प्रार्थना करून राहिला होता. सगळी ऐकली. तोंडावर मास्क होता तरी त्याच्याआडून आमेन म्हटलं. मग हात वर केला, पण तो पाठमोरा होता, त्या माणसाची दाढी करून राहिला होता. आणि मग त्यांनी काकूंना विचारलं, की पोरगा मला न भेटता काहून गेला?

काकू म्हणाल्या, मी सांगितलं, दमला असेल, उद्या येईल. शनिवारी चार वाजायच्या आत त्यांनी केस विंचरून घेतले आणि धुतलेला शर्ट मागितला. दाखल्यासाठी फोटो काढतील म्हणून. सहाला घंटा झाली तेव्हा काकूंनी पुन्हा सांगितलं, उद्या येईल. रविवारी पुन्हा शर्ट.

मी उंबऱ्यावरच बसलो. रडलो, लपवत नाही. त्यांनी मला उगी केलं नाही आणि बोलही लावला नाही. चर्चमध्ये काहून बोलल्या, असं मी विचारलं. म्हणाल्या, प्रार्थना तर तू केली, ती खरी होती, तेवढीच मी सांगितली. बाकीचं तू सांगशील का, ते बघून राहिले होते. मग चहा ठेवला. मी प्यालो.

तिथून पाळकसाहेबांकडे गेलो आणि तक्ता मागून घेऊन ती खूण खोडली. त्यांनी दुसऱ्या वर्षाच्या फॉर्मला डिसेंबरअखेरपर्यंत मुदत दिली. तो अजून कोराच आहे आणि त्यावर सही होईल असं मी तुला सांगत नाही. थकवा तसाच आहे. आज दवाखान्यात गेलो तेव्हा पाय ओढतच गेलो, पण आधी सिस्टरकडून प्रत्येक खाटेवरचं नाव विचारून घेतलं, आणि डोळे उघडे ठेवून प्रार्थना केली. पाळकसाहेबांना ते आवडायचं नाही.

तुला वाट बघायला लागू नये म्हणून उद्याच्या गाडीने येत नाही हे सकाळीच प्रणालीला फोनवर कळवलं आहे. गादी उचलून ठेव. कारण असं झालं. निघताना काकू म्हणाल्या, चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना घरीच ठेवणार आहे, जमलं तर येऊन जा. मी चप्पल घालत होतो. बघतो, येतो, असं आपण सगळीकडे म्हणतो, तेच तोंडावर आलं होतं. ते गिळलं आणि त्यांच्याकडे पाहून सांगितलं, एकोणीस डिसेंबर, शुक्रवार, चार वाजता. काकूंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर ते माझ्याच हाताने लिहायला लावलं.

लोभ आहे तसाच राहू दे, मला तो लागणार आहे.

तुझा,
वेदांग