रुमालावरच्या अम्माजी

चंबा, ४ फेब्रुवारी १९८६

चि. सौ. लाजोस अ. उ. आ.

भरतकामाचा आपला रुमाल काल बसच्या कंडक्टरने घरी आणून दिला. लग्नाचा अर्धा देखावा मी भरला आणि अर्धा तू, पण सांधा कुठे आहे ते मलाही सापडेना. उलटवून पाहिला, तर मागची बाजू पुढच्यासारखीच स्वच्छ, एक गाठ नाही. आई असती तर तुझी दृष्ट काढली असती.

पण अगं बये, जेवणावळीत आचाऱ्याच्या हातातून डाव हिसकावणारी ती म्हातारी कोण? मी तर तिथे पाण्याचा घडा आखून दिला होता! पुढे आलेली हनुवटी, गालभर नथ, कमरेवर मूठ. तुझे भावजी बघताक्षणी म्हणाले, ह्या तर लाजोच्या सासूबाई, आणि चहा सांडेपर्यंत हसले.

रुमालांचं प्रदर्शन धर्मशाळा शहरात, म्हणजे तुमच्या दाराशीच. अम्माजींना पत्ता लागू देऊ नकोस. माझा पाय प्लास्टरमध्ये, त्यामुळे तिथलं सगळं तुलाच बघायचं आहे. मुलांना पापे.

तुझी थोरली बहीण बोबो,
तृप्ता

पालमपूर, १२ फेब्रुवारी

ती. बोबोस लाजोचा शि. सा. न. वि. वि.

घोटाळा झाला! यांनी जेवता जेवता प्रदर्शनाचं सांगून टाकलं. अम्माजींनी लगेच नवा दुपट्टा काढून ठेवला, शेजारच्या मैत्रिणीलाही आमंत्रण गेलं. म्हणतात, इतकी वर्षं ही सून खिडकीत बसून काय टोचते ते बघू तरी.

माझ्या मनात काही वाईट नव्हतं गं. नणंदेच्या मुलाच्या मुंडनात त्यांनी खरंच डाव हिसकावला होता, चण्यांच्या मदऱ्याच्या रश्श्यात दही कमी पडलं म्हणून. सुई हातात होती आणि त्या आपोआप उतरल्या. आता तूच ती बाई उसव आणि तिथे घडा भर. मला अजून याच घरात राहायचं आहे!

भेदरलेली
लाजो

चंबा, १९ फेब्रुवारी

चि. लाजोस अ. आ.

उसवायला बसले होते. कात्री टाक्याला लावली आणि हात थांबला. मलमल आहे, उसवलं की दोन्हीकडून भोकं दिसणार. आणि खरं सांगू? साऱ्या देखाव्यात तीच एक जिवंत आहे. माझा नवरदेव तिच्यापुढे खुंटीला टांगलेल्या कोटासारखा दिसतो.

प्रदर्शनवाल्या बाईंना लिहिलं, ती बाई असलेली कड दुमडून टांगा. त्या म्हणतात, दोन्ही बाजू पूर्ण दिसाव्यात म्हणून रुमाल दालनाच्या मधोमध टांगायचा आहे. तेव्हा धीर धर, आणि अम्माजींचा चष्मा घरी राहील असं काही करता आलं तर बघ. आज रुमाल पाठवते आहे. सांभाळ, आणि स्वतःलाही सांभाळ.

तुझी बोबो

पालमपूर, ३ मार्च

ती. बोबोस शि. सा. न.

चष्मा लपवला होता. त्यांनी मैत्रिणीचा लावला.

रुमालापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. मी भिऊन मागच्या बाजूला गेले, तर तिकडेही त्याच माझ्याकडे बघत होत्या. मैत्रीण खुदकन हसली. अम्माजींनी मला पुढे बोलावून विचारलं, ही मीच ना? मी मान खाली घालून हो म्हटलं. तर म्हणाल्या, मग नथ एवढीशी का? माझ्या बापाने चांगली मोठी दिली होती!

मग दिवसभर तिथून हलल्या नाहीत. येईल त्याला पुढून दाखवत, मागून दाखवत, आणि मदऱ्यात दही किती घालायचं तेही सांगत. दिल्लीच्या कुणी बाई रुमाल विकत घ्यायला आल्या, त्यांना अम्माजींनी परस्पर नाही म्हणून सांगितलं. राग मानू नकोस.

परतताना बसमध्ये मात्र घर जवळ आल्यावर म्हणाल्या, इतकी माणसं जेवताहेत, त्यात हे कुठे आहेत? हे म्हणजे सासरे, जाऊन इतकी वर्षं झालेले. मग म्हणाल्या, पंगतीत थोडी जागा आहे, मी बघून ठेवली आहे.

प्रदर्शन काल संपलं, रुमाल घरी आणला आहे. काळं रेशीम संपलंय, तेवढं पाठव. मिशा तरुणपणीच्या आणि भरगच्च हव्यात असा हुकूम आहे. मी म्हटलं, तुम्ही म्हाताऱ्या आणि ते तरुण, कसं दिसेल? म्हणाल्या, दिसू दे. ते जन्मभर लोकांच्या लग्नात वाढत राहिले आणि सगळ्यांच्या मागून गार झालेलं जेवले. त्यांना पहिल्या पंगतीत बसव.

रेशीम लवकर धाड, आणि आहे ती माया कमी करू नकोस.

तुझी
लाजो