तिसऱ्या ओळीतलं रिकामं बटण

प्रिय ठमे,

फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचून गप्प बसतेस, म्हणून सरळ कागदावर उतरले. शेवटपर्यंत वाच. मध्येच टाकून द्यायची तुझी खोड जुनी आहे, आणि आज मला तिच्याबद्दलही बोलायचंय.

बाबा आता काठी घेऊन न्हाणीघरापर्यंत जातात. डावा हात ठणठणीत, उजवा अजून रुसलेला. अर्धांगाच्या झटक्याला सात महिने झाले, पण वाचा काही परत आली नाही. सगळं कळतं, सगळं आठवतं, फक्त शब्द ओठांपाशी येऊन अडतो. बस डेपोत तीस वर्षं गाड्या सोडणारा हा माणूस. यांची हाक आली की पलीकडचा ड्रायव्हर चहाचा कप तसाच टाकून धावायचा. आता पाणी हवं असलं तरी पलंगाच्या दांडीवर चमचा वाजवतात. वाचा शिकवणाऱ्या बाईंनी चित्रांचा तक्ता दिला, तो यांनी भिरकावला तो थेट कपाटामागे. त्याच दिवशी ठरवलं, काही झालं तरी या माणसाला बोलतं करायचं.

बटण दाबलं की यांच्या वतीने फोन बोलेल, असं काहीतरी मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे मागितलं. तो म्हणाला, काकू, ॲप बनवायला कंपनी लागते. म्हटलं, बघू या! शाळेच्या ऑफिसात मी अकरा वर्षं सूचनांची वेबपानं केली, आणि ती तूच शिकवलीस, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मी चुकले की कपाळावर हात मारून घेत. तुझी ती जाडी वही काढली. शेवटच्या पानावर तुझ्याच अक्षरात सापडलं: आई, साधं वेबपानसुद्धा ॲप होतं, एक छोटी फाईल जोडली की फोन त्याला आयकॉन देतो, दुसरी जोडली की नेट नसतानाही ते चालतं. झालं, कंबर कसली.

पहिलं पान कॉम्प्युटरवर झकास, फोनवर मुंगीएवढं. फोनच्या रुंदीत मावून बस, असं पानाला सांगणारी ओळच मी घातली नव्हती. ते एका सकाळीत निस्तरलं. दुसऱ्या चुकीने मात्र पंधरा दिवस खाल्ले. मी दाबलं की बटण बोलायचं, बाबांनी दाबलं की मुकं. चिडून त्यांनी फोन गादीवर आपटला. मग मी नुसती त्यांच्या बोटाकडे बघत बसले. ते सावकाश टेकतं आणि त्याहून सावकाश उठतं. बोट इतका वेळ बटणावरच्या चित्रावर राहिलं की फोन विचारतो, हे चित्र साठवायचं का? माणूस पाणी मागतोय आणि या शहाण्याला चित्र साठवायचंय! ते विचारणं बंद केलं, बोट टेकल्याबरोबर आवाज येईल असं केलं. तीनदा सगळं पुसून लिहिलं, पण हटले नाही.

आता तीन ओळींत बारा बटणं आहेत. पाणी, दुखतंय, खिडकी उघड, असली गुणी बटणं मी केली. त्यांना आवडलं ते मी गमतीत टाकलेलं 'गप बस'. पहिल्याच आठवड्यात मी शेजारणीची कागाळी सांगत होते, तर पठ्ठ्याने सात वेळा दाबलं. लग्नाला चौतीस वर्षं झाली, गप बस ऐकून मला एवढा आनंद कधी झाला नव्हता.

पण आवाज फोनातल्या त्या बाईचा. तुझे बाबा आणि मंजुळ आवाजात गप बस म्हणतात! आधी हसले, मग हळूहळू दाबायचेच बंद झाले. चमचा परत बाहेर आलाय. ते मी चालू देणार नाही.

बारावं बटण रिकामं आहे. तिथे काय घालू विचारलं की तुझ्या फोटोकडे बोट करतात. तू इस्पितळात आलीस तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. तुला वाटलं, तू नोकरी सोडल्याचा राग अजून आहे. अगं वेडाबाई, तुला हाक मारायला तोंड उघडलं आणि नुसती घरघर आली. लाज वाटली त्यांना.

आता हे पत्र कशासाठी ते ऐक. तू वेबसाइट बनवायचं स्वतःचं काम सुरू केलंस तेव्हा बाबा दर रविवारी आवाजी मेसेज पाठवून तुला झापायचे. त्यांचा फोन झटक्याच्या दिवशी जिन्यावरून पडला तो गेलाच, आणि माझ्याकडे त्यांचा आवाज नाही. एका घरात राहणारी माणसं एकमेकांना कशाला मेसेज करतात? मागे विचारलं तेव्हा तू म्हणालीस, सगळे पुसून टाकले. खोटं. तू शाळेतले बूट टाकले नाहीस अजून, बापाचा आवाज टाकशील? सगळे पाठव, शिव्यांसकट. एकेक शब्द कापून मी बटणावर बसवते. 'गप बस' तर दहादा मिळेल. आणि शेवटचा मेसेज आधी पाठव. तो तू 'हा सगळा पोरखेळ आहे' इथेच बंद केलास, मला माहीत आहे. तो बोलताना मी त्यांच्या शेजारी बसले होते. त्यानंतर मेसेज चालूच ठेवून त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, बरं, जाऊ दे, घरी ये. ते 'घरी ये' मला बाराव्या बटणासाठी हवंय. पण पाठवायच्या आधी तू एकदा शेवटपर्यंत ऐक.

तुझीच,
हट्टी आई